चंद्रकांताने मागितलेली सहावी जागा

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात सातपाटीच्या खाडीकाठी एका मच्छीमार सोसायटीच्या दारात टेम्पो थांबला आणि त्यातून पाच कॉम्प्युटर आणि एक इंजिनिअर उतरला. कॉम्प्युटर गलेलठ्ठ होते आणि इंजिनिअर काडीपैलवान. नाव मात्र खंडेराव. तो सरावलीला राहायचा, बोईसरच्या एका दुकानातर्फे कारखान्यांतले कॉम्प्युटर जोडून द्यायचा आणि मासे खायचा नाही. ही शेवटची गोष्ट गावाला पहिल्या दिवशीच कळली, त्यामुळे त्याच्या ज्ञानाबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली ती बरेच दिवस.

त्याच्या मागेमागे वही घेऊन फिरत होती चंद्रकांता. देवू मेहेरची बायको, वय बत्तीस, दोन पोरांची आई, आणि बारा वर्षं सोसायटीची चिठ्ठीवाली. म्हणजे कोणत्या होडीला किती बर्फ, किती डिझेल, याच्या चिठ्ठ्या ती लिहायची आणि त्या कचेरीतून बर्फ कारखान्यात, तिथून पंपावर, तिथून मासळीच्या वजनकाट्यावर स्वतःच्या पायांनी पोचवायची. बारा वर्षांत ती त्याच आवारात चालून चालून दिल्लीला जाऊन आली असती. दहावीला गावातल्या मुलींत ती पहिली आली होती, याची आठवण तिच्याशिवाय कोणाला राहिली नव्हती. कॉम्प्युटर येणार म्हटल्यावर कमिटीने विचारलं, शिकणार कोण? सगळे पुरुष छताकडे बघायला लागले. चंद्रकांता म्हणाली, मी शिकते.

त्यासाठी ती तीन महिने सकाळच्या एसटीने पालघरला क्लासला जात होती. त्याच एसटीने तिची सासू काशीबाई मासळी विकायला पालघरच्या बाजारात जायची. सासूच्या डोक्यावर पाटी आणि सुनेच्या पिशवीत फ्लॉपी, अशी ही वरात रोज निघायची. क्लासमधली मुलं नाक मुरडायची, कारण पिशवीला पाटीचा वास लागलेला असायचा. चंद्रकांताने महिनाभर ते ऐकून घेतलं. मग परीक्षेत पहिली आली आणि त्या मुलांना त्याच पिशवीतून काढून बोंबलाची चटणी दिली. चटणी डबा पुसून संपली.

तर खंडेरावने पाच कॉम्प्युटर पाच ठिकाणी मांडले. कचेरी, बर्फ कारखाना, डिझेल पंप, काटा आणि जाळी-दोरांचं स्टोअर. सगळ्यांतून केबल ओढून कचेरीत एका चपट्या डबीत आणून खोचली. मग म्हणाला, आता प्रत्येकाला पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे चार आकडे. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट आणि शून्य, हे तीन सगळ्यांचे सारखे. शेवटचा आकडा मात्र ज्याचा त्याचा. कचेरी एक, बर्फ दोन, पंप तीन, काटा चार, स्टोअर पाच. त्याखाली आणखी एक ओळ भरायची, दोनशे पंचावन्न तीन वेळा आणि मग शून्य. ते का, असं चंद्रकांताने विचारलं तेव्हा खंडेराव म्हणाला, ताई, ते तसंच असतं. आकडे भरले की मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं, म्हणजे त्याच्या डोक्यात पत्ता बसतो.

चंद्रकांताला हे सगळं लगेच समजलं, आणि पुढचा घोटाळा त्या लगेच समजण्यानेच केला. खाडीच्या काठाला प्रत्येक होडीची बांधायची जागा ठरलेली. पहिले तीन आकडे म्हणजे आपली खाडी आणि शेवटचा आकडा म्हणजे होडीची जागा, हे तिने मनात पक्कं केलं. खंडेराव जाताना एका कागदावर पाच ओळी लिहून देऊन गेला. तो कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला लावला, आणि त्या दिवसापासून चिठ्ठ्या चालत जायच्या बंद झाल्या. कचेरीत बटण दाबलं की बर्फ कारखान्यात नाव उमटायचं. पहिल्यांदा उमटलं तेव्हा चंद्रकांता खुर्चीतून उठून सवयीने तिकडे चालायला लागली होती. अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं, आणि एकटीच भर आवारात उभी राहून ती हसली.

सहावा कॉम्प्युटर आला तो काशीबाईमुळे.

त्याचं कारण बर्फ. मासळी आली की बर्फ आधी होड्यांना मिळायचा, उरला तर बायकांच्या पाट्यांना. बायका कारखान्याच्या दारात ओल्या फरशीवर तीन-तीन तास उभ्या राहायच्या, तोवर पालघर-बोईसरचे टेम्पो निघून जायचे आणि पापलेटाचे डोळे पांढरे व्हायचे. कमिटीला याचं फारसं काही वाटत नसे, कारण कमिटीत एकही पाटीवाली नव्हती. काशीबाईने सुनेचं यंत्र बघितलं, दोन दिवस विचार केला आणि विचारलं, ह्या यंत्राला होडी कोणती आणि पाटी कोणती ते कळतं का? चंद्रकांता म्हणाली, नाही, त्याला फक्त कोणाचं नाव आधी आलं तेवढं कळतं. काशीबाई म्हणाली, मग असला एक आमच्या पाटीवाल्यांच्या शेडमध्ये पायजे.

चाळीस बायका कमिटीच्या दारात बसल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या बसल्या, आणि ते जास्त कठीण असतं. सेक्रेटरी पुंडलिक काका चहा प्यायलासुद्धा बाहेर पडू शकेनात. शेवटी त्यांनी तोडगा काढला. बोईसरच्या दुकानाकडून एक कॉम्प्युटर महिना-दीड महिना बघायला म्हणून आणायचा. नारळी पौर्णिमेनंतर होड्यांची पहिली मासळी येईल त्या दिवशी तो नीट चालला तर ठेवायचा, नाहीतर त्याच दिवशी तीन वाजता टेम्पोत चढवून परत. आणि मग बायकांनी पुन्हा दारात बसायचं नाही.

खंडेराव तो घेऊन आला तेव्हा त्याला तारापूरला दुसरीकडे जायची घाई होती. त्याने केबल जोडली, चपट्या डबीत खोचली आणि टेम्पोत चढता चढता म्हणाला, ताई, एक पत्ता टाकून द्या, तुम्हाला येतंच. चंद्रकांताने मान हलवली. येतंच म्हटल्यावर, कोणता पत्ता, असं विचारणार कसं? माणसाची अब्रू अशा ठिकाणी अडकते आणि मग महाग पडते.

ती कागदापुढे उभी राहिली. पाच ओळी, पाच पत्ते, खाली कोरं. खाडीत नवी जागा कोणी आपल्या मनाने घेत नाही. नवी होडी बांधली की मालक नारळ घेऊन किनाऱ्यावरच्या ओट्यावर बसणाऱ्या वडीलधाऱ्यांपुढे जातो, जागा मागतो, ती मिळाली तरच दोर बांधतो. नाहीतर पिढ्यान्‌पिढ्या लोकांचं बोलणं ऐकावं लागतं. तेव्हा सहाव्या ओळीत हात घालायची तिची काही छाती झाली नाही. पण खाडीची दुसरीही एक रीत होती. होडी बाहेर गेली की तिची जागा मोकळी, तिथे कोणीही दोर बांधावा. मालक आला की उठावं. त्यात मागायचं काही नाही, सांगायचं काही नाही.

आणि काट्याचा कॉम्प्युटर तर बंदच होता. पावसाळ्यात मासळी नाही, मासळी नाही तर काटा नाही. कमलाकांत काटेवाला पाऊस लागल्यापासून घरी जाळी विणत बसला होता. चार नंबरची जागा रिकामी पडली होती. चंद्रकांताने बायकांच्या कॉम्प्युटरला चार नंबर दिला, मशीन बंद करून चालू केलं, आणि ते बिनतक्रार चाललं.

महिनाभर तालमी झाल्या. काशीबाईने पहिला नंबर आपलाच असला पाहिजे म्हणून तीन दिवस सगळ्यांना छळलं. बायका हात पदराला पुसून आपापलं नाव दाबायच्या, समोरच्या बर्फ कारखान्यात ते उमटायचं, आणि तिथून लादीवाला खिडकीतून ओरडायचा, काशीबाई एक, नर्मदा दोन. बर्फ द्यायचा नव्हताच, तरी तो ओरडायचा, कारण त्यालाही मजा वाटायला लागली होती. चंद्रकांता घरी जाताना गुणगुणायची. देवूने विचारलं, काय लागलंय तुला? ती म्हणाली, आमच्या आईचं नाव खिडकीतून घेतात आता.

नारळी पौर्णिमा झाली. खाडीत नारळ सोडले, होड्या गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी पहिल्या होड्या दिसल्या, आणि गाव धावत किनाऱ्याला आलं.

बायकांची शेड सात वाजताच भरली होती. नऊ जणींनी नावं दाबली, नऊ नावं गेली. आठला कमलाकांत काट्यावर आला, दोन महिन्यांची धूळ झटकली, कॉम्प्युटरला अगरबत्ती ओवाळली आणि बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. त्याने ती घालवली. चौकट गेली, पण वजन काही कचेरीत पोचेना. चंद्रकांता धावत आली, मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तीच चौकट. कोणाचं तरी कोणाशी भांडण आहे एवढं तिला त्या इंग्रजीतून कळलं. पण कोणाचं?

तेवढ्यात कोणीतरी गडबडीत बायकांच्या शेडचा कॉम्प्युटर बंद केला, आणि काट्याचा चालू झाला. बायकांचा पुन्हा चालू केला, तर चौकट आता तिथे आली. असं चार वेळा झालं. जो आधी उठेल तो चालायचा, मागून येणारा अडायचा.

पुंडलिक काका आले आणि दोन मिनिटं बघत उभे राहिले. मग म्हणाले, निकाल लागला. ते ओरडले नाहीत, वाईटही वागले नाहीत. उलट चंद्रकांताकडे बघून त्यांना जरा वाईटच वाटलं. काट्याशिवाय मासळी हलत नाही, तेव्हा काटा चालू राहील. बायकांचं यंत्र टेम्पोची वाट बघेल. बर्फ नेहमीसारखा, आधी होड्या. चाळीस बायका पाट्या उचलून कारखान्याच्या ओल्या फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या. काशीबाई सर्वांत पुढे. सुनेकडे तिने बघितलंसुद्धा नाही, आणि तेच चंद्रकांताला सगळ्यांत जास्त लागलं.

तिने बोईसरला फोन लावला. खंडेराव सकाळीच बाहेर पडलाय, तीनला टेम्पो घेऊन तुमच्याकडेच येणार आहे, असं दुकानातून सांगितलं. ती फोन ठेवून किनाऱ्याला गेली. रडायचं होतं, आणि किनाऱ्यावर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं असं म्हणता येतं.

देवूची होडी खाडीच्या तोंडाशी वळत होती. त्यांच्या जागेवर शांताराम तांडेलची होडी बांधलेली होती. तो सकाळच्या पहिल्या होड्यांत आला होता आणि त्याला तीच जागा सोयीची वाटली होती. चंद्रकांता बघत राहिली. देवूची होडी अजून दूर होती. शांतारामचा खलाशी चहा पीत होता. त्याने मान वर करून होडी ओळखली, पेला बाजूला ठेवला, दोर सोडला आणि बांबूने होडी मागे ढकलली. कोणी हाक मारली नाही, कोणी काही म्हटलं नाही. देवू आला आणि आपल्या जागेवर लागला.

चंद्रकांताने स्वतःच्या कपाळावर असा हात मारला की बाजूची बाई दचकली.

होडीवर माणूस असतो, तो उठतो. यंत्रावर कोण असतं? बायकांच्या कॉम्प्युटरला आपण काट्याच्या जागेवर बांधून ठेवलं आणि काटा घरी आला, तर ते यंत्र बिचारं उठणार कसं? त्याला कोणी रीत शिकवली होती? तिला हसू आलं आणि मग घाम आला, कारण चूक खंडेरावची नव्हती, यंत्राची नव्हती, सगळी तिची होती.

ती थेट कारखान्याच्या फरशीवर गेली आणि सासूला सगळं सांगून टाकलं. मी दुसऱ्याच्या जागी बांधलं. आपल्याला आपली जागा पाहिजे. सहावी. पण ती मी मनाने कशी घेऊ? काशीबाईने पाटी खाली ठेवली आणि पहिल्यांदा सुनेकडे बघितलं.

“मनाने कशाला घेतेस? जाऊन माग.”

ओट्यावर पाच म्हातारे बसलेले असतात, मासळीचा दिवस असो वा नसो. मधोमध हिराजीबाबा, वय नव्वद, एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याने जे दिसतं ते त्यांना पटत नाही. काशीबाईने पदराखालून नारळ काढला. तो तिने कुठून आणला हे आजही कोणाला माहीत नाही. बहुतेक पुंडलिक काकांच्याच कचेरीतल्या देव्हाऱ्यातला होता. तिने तो हिराजीबाबांपुढे ठेवला. चाळीस बायका मागे येऊन उभ्या राहिल्या. काका कचेरीतून धावत आले.

चंद्रकांताने पदर सावरला आणि नवी होडी बांधलेला मालक मागतो तशीच मागणी केली. बायकांच्या यंत्राला सोसायटीत जागा द्यावी. इतके दिवस ते काट्याच्या जागी लागलं होतं, ती चूक माझी, ती पदरात घ्यावी.

म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. कॉम्प्युटर या विषयावर त्यांना एका अक्षराचं ज्ञान नव्हतं, पण हा विषय कॉम्प्युटरचा राहिलाच नव्हता. हा जागेचा विषय होता, आणि जागेच्या विषयात त्यांच्यापेक्षा जाणता माणूस तालुक्यात नव्हता.

पुंडलिक काका म्हणाले, “बाबा, पण खाडीत बायकांना जागा कधी दिलीय?”

“मागितली कधी होती?” काशीबाई म्हणाली.

यावर ओट्यावरचा एक म्हातारा खो खो हसला आणि त्याला ठसका लागला. हिराजीबाबांनी हात वर केला. मग त्यांनी तेच प्रश्न विचारले जे साठ वर्षं प्रत्येक नव्या होडीला विचारत आले होते.

“ह्या होडीचा तांडेल कोण? हुकूम कोणाचा चालायचा?”

“काशीबाई,” चंद्रकांता म्हणाली.

“डाव्या अंगाला कोणाची जागा?”

“स्टोअरची. पाच नंबर.”

“त्याची हरकत हाय?”

स्टोअरवाला गर्दीतून म्हणाला, नाय.

“उजव्या अंगाला?”

चंद्रकांताला कागदावरचं पाचव्या ओळीखालचं कोरं आठवलं. “उजव्या अंगाला कोणी नाय, बाबा. मोकळं पाणी.”

हिराजीबाबांनी मान हलवली. “मग आडकाठी कसली? पुंडलिक, फोड नारळ. जागा दिली.”

पुंडलिक काकांनी नारळ फोडला. आता एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे: रीतीने मागितलेल्या जागेला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नव्हतं, आणि नारळ फोडताना त्यांचा चेहरा बराच मोकळा दिसत होता. खोबरं वाटलं गेलं, पहिला तुकडा तांडेलला, म्हणजे काशीबाईला. चंद्रकांता तोंडात खोबरं ठेवूनच शेडकडे पळाली. चार खोडला, सहा टाकला. मशीन बंद केलं, चालू केलं. काट्याचंही बंद केलं, चालू केलं. चौकट आली नाही. इकडे नाही, तिकडे नाही.

काशीबाईने मागून येऊन आपलं नाव दाबलं, आणि पुढची दोन मिनिटं फार लांब वाटली. मग समोरच्या कारखान्याच्या खिडकीतून लादीवाल्याचा आवाज आला, काशीबाई एक.

त्यानंतर देवूच्या होडीचा नंबर तेरावा लागला. देवू बर्फाच्या रांगेत आपल्या आईच्या आणि अकरा बायकांच्या मागे उभा राहिला आणि म्हणाला, बारा बायकांच्या मागे उभं राहायची सवय आपल्याला घरात आहेच. अकराच्या आत पहिला टेम्पो पालघरला गेला. पाट्यांत बर्फ भरलेला आणि पापलेटांचे डोळे अजून चकचकीत.

तीन वाजता खंडेराव आला तेव्हा त्याला परत न्यायला काही नव्हतं. चंद्रकांताने त्याला बाजूला घेऊन सगळी हकिगत सांगितली. तो आधी शरमला, कारण पत्ता सांगायचा राहिला ही चूक त्याचीही होती, आणि मग पोट धरून हसला. अहो ताई, म्हणाला, सहापासून दोनशे चोपन्नपर्यंत कुठलाही आकडा टाकला असता तरी चाललं असतं, सगळे मोकळे आहेत, त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. चंद्रकांताने ओट्याकडे बघत त्याला गप्प राहायला सांगितलं. पण काशीबाई बाजारातून परत येऊन मागेच उभी होती, रिकामी पाटी कमरेवर टेकवून.

“असूंदेत मोकळे,” ती म्हणाली. “आम्ही मागून घेतलाय. चार माणसांदेखत. आता त्यावरून आम्हाला कोणी उठवत नाय.”

खंडेरावला तिचं म्हणणं पूर्ण कळलं की नाही, कोण जाणे. पण भिंतीवरच्या कागदावर चंद्रकांताने स्वतःच्या अक्षरात सहावी ओळ लिहिली ती त्याने वाचली: एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य, सहा, बायकांची शेड. पुढच्या वर्षी धक्क्यावर सातवा कॉम्प्युटर बसवायला तो आला, तेव्हा त्याने केबल ओढली, डबीत खोचली, आणि पत्ता टाकायच्या आधी बॅगेतून नारळ काढून पुंडलिक काकांच्या हातात दिला. काकांनी तो घेतला आणि ओट्याकडे न जाता आधी बायकांच्या शेडकडे गेले. सातव्याच्या डाव्या अंगाला आता काशीबाईची जागा होती, आणि तिची हरकत आहे का ते विचारायला हवं होतं.

काशीबाईने त्यांना मुद्दाम पाच मिनिटं उभं ठेवलं, आणि मग म्हणाली, हरकत नाय.